वातीचा ऋषभ

उत्तम पहिल्यांदा माझ्या घरी आला तेव्हा चपला बाहेर काढून उंबऱ्यातच थांबला आणि म्हणाला, "सर, घराला दारं किती?"

मी भूममध्ये एका शाळेत संगीत शिकवत होतो आणि संध्याकाळी घरी तबल्याच्या शिकवण्या घेत होतो. माझ्याकडे येणाऱ्यांनी आजवर वेळ विचारली होती, घराणं विचारलं होतं, एकाने तर तबला किती दिवसांत येतो तेही विचारलं होतं. दारं कुणी विचारली नव्हती. "दोन. पुढचं आणि मागचं. का, पळून जायचंय?" मी जरा कुजकेपणानेच म्हणालो. तो हसला नाही. मागचं दार उघडं असतं का, एवढंच त्याने विचारलं, आणि असतं म्हटल्यावर आत येऊन दोन्ही दारं दिसतील अशा बेताने भिंतीला टेकून बसला. हा माणूस पोलिसांना हवा असणार, अशी माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून मला खूण केली.

तो पोलिसांना नको होता. कुणालाच फारसा नको होता, हीच त्याची अडचण होती. सोलापुरात एका गुरूंकडे त्याने अकरा वर्षं ख्यालगायकी शिकली. मग पुण्यात ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत नोकरी केली, तिथे संगणक आणि सिंथेसायझर त्याच्या हाती लागले, आणि तेव्हापासून त्याचं असं झालं की गाणाऱ्यांच्या मैफलीत त्याला बिघडलेला समजत आणि यंत्रवाल्यांच्यात जुनाट. चाळिशीला आल्यावर तो एक लॅपटॉप, एक चपटा सिंथेसायझर आणि दोन तानपुरे घेऊन गावी परतला. रागसंगीत आणि यंत्रातला आवाज एकत्र आणून त्याला एक मोठी रचना करायची होती. त्यासाठी तबलजी हवा होता.

मी सरळ नाही म्हणालो. यंत्रापुढे तबला वाजवणं म्हणजे भिंतीशी गप्पा मारणं. आपण थांबलो तरी ते थांबत नाही. उत्तमने ऐकून घेतलं आणि गेला. तीन आठवड्यांनी परत आला, माझ्या डग्ग्याशेजारी एक माइक लावला आणि म्हणाला, "वाजवा. मधेच रेंगाळा." मी मुद्दाम रेंगाळलो. यंत्रातला सूर माझ्याबरोबर रेंगाळला. मी थांबलो, तोही श्वास धरल्यासारखा थांबला. "आता ते तुमची वाट बघतं, सर," उत्तम म्हणाला. "यंत्राला गळा नसतो, म्हणून त्याला दम घ्यायला शिकवावं लागतं." हे वाक्य तो कुणालाही ऐकवायचा, दूध घालायला आलेल्या माणसालासुद्धा. मी त्या यंत्राला शेवटपर्यंत डबडंच म्हणत राहिलो, पण त्या दिवसापासून त्याच्याशिवाय मला करमेना.

दारांचं कोडं मला त्याच्या गावी गेल्यावर सुटलं. तेरखेड्याच्या अंगाला त्याचं छोटं गाव. तिथे शोभेच्या दारूचं काम चालतं. माळावर एकमेकींपासून लांब लांब शेडा आहेत, एकेकीत बारा-पंधरा बायका कागदाच्या नळीत दारू भरून लाकडी दांडक्याने ठासत असतात. शेडेला चारी बाजूंनी दारं, सगळी बाहेर उघडणारी, एकालाही कडी नाही. आत अनवाणी जायचं, मोबाइल बाहेर टोपलीत ठेवायचा, विजेचं काहीही आत न्यायचं नाही. उत्तमची आई गयाबाई हिने तीस वर्षं तिथे काम केलं होतं. आता ती सत्तरीची होती आणि घरी बसली होती, पण गावातल्या कामकरी बायका अजून तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या.

त्याचं कारण तिने स्वतःच मला सांगितलं, चहा गाळता गाळता, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. एका दुपारी पंधरा दांडक्यांच्या ठोक्यांत तिला एक बारीक आवाज ऐकू आला. वात पेटल्याचा, सुर्र असा. "म्या काय बोलले न्हाय, मास्तर. आरडलं की बायका यकमेकीच्या अंगावर पडत्यात. म्या हातातलं ठिवलं, उठले आन् दारातनं चालाय लागले. माज्या मागं चौदा जणी. मागं वळून बगितलं तवा शेड न्हवतीच." कुणाला खरचटलंही नव्हतं. तेव्हापासून नवी बाई कामावर आली की गयाबाई तिला एकच गोष्ट शिकवायची. "सुर्र आयकू आलं की आदी उठायचं, मंग इचार करायचा. इचार भाईर येऊन बी करता येतो."

अशा घरात वाढलेला माणूस दारं मोजणार नाही तर काय करणार! मी उत्तमची मनातल्या मनात माफी मागितली.

त्याला रचनेसाठी हवे होते ते ठासण्याचे ठोके. बायकांच्या हाताला एक लय होती: तीन ठोके, किंचित दम, चार ठोके. "सर, हा रूपक आहे," तो मला म्हणाला, "आणि ह्यांना कुणी शिकवलेला नाही." आता शेडेत माइक नेता येत नाही, तर आवाज बाहेर आणायचा कसा? त्याने बाजारातून पातळ रबरी नळीची गुंडाळी आणली, एक तोंड खिडकीच्या जाळीला बांधलं आणि दुसरं साठ फुटांवरच्या कडुलिंबाखाली आपल्या माइकला. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपमध्ये पोटातला आवाज यावा तसे ते ठोके आले, लांबचे आणि आतले. मालकाने चार वेळा नळी तपासली, मगच परवानगी दिली. बायका आठवडाभर उत्तमची चेष्टा करत होत्या. कमल नावाची एक खट्याळ बाई जाळीशी तोंड नेऊन नळीत म्हणायची, "हालू, उत्तमभाऊ, आयकू यतंय का?" तेही मुद्रित झालं. ते त्याने कधी पुसलं नाही.

रचना मारव्यात होती. मारवा सूर्य बुडतानाचा राग, आणि त्यात षड्ज, म्हणजे घरचा सा, दूर ठेवायचा असतो. ऐकणारा घरी पोचण्याची वाट बघत राहतो आणि गाणारा त्याला पोचू देत नाही. उत्तमने ही वाट बघणं ताणून ताणून पाऊण तासाचं केलं होतं. आलाप तो स्वतः गायचा, माझा तबला रूपकात, खाली शेडेतले ठोके, आणि शेवटी षड्जाला लागून असलेला कोमल ऋषभ एकटा उरायचा. तो यंत्राकडे जायचा, बारीक होत होत नुसता श्वासासारखा फुसफुसता व्हायचा. मग सात मात्रांची शांतता. मग षड्ज.

तो फुसफुसता ऋषभ म्हणजे पेटलेली वात होती. उत्तमने मोकळ्या माळावर एक वात जाळून तिचा आवाज घेतला, आठपट ताणला आणि ऋषभाच्या उंचीवर बसवला. तालमीत पहिल्यांदा तो आवाज लावला तेव्हा उत्तम स्वतःच ताडकन उठला आणि दोन पावलं दाराकडे गेला. मग ओशाळून हसला. दुसऱ्या तालमीत नुसता अर्धवट उठला. महिनाभराने तो मांडी घालून, डोळे मिटून तो आवाज ऐकायला लागला. मला ते दिसत होतं. मला वाटलं, रचना पिकतेय.

भाद्रपदात पहिला प्रयोग ठरला. पुण्याच्या एका संस्थेची तीन माणसं ऐकायला येणार होती. त्यांना पटलं तर पुढे त्यांच्या महोत्सवात आणि तिथून परदेशात. उत्तमची एकच अट होती, पहिला प्रयोग भूममध्ये व्हावा, बाजाराच्या दिवशी, म्हणजे शेडांना सुट्टी असेल आणि बायकांना येता येईल. खरं सांगायचं तर पुणेकरांची त्याला धास्ती नव्हती, धास्ती आईची होती. गयाबाईने त्याचं गाणं कधीच बसून ऐकलं नव्हतं. "तुजं ते घुमत ऱ्हातं, त्याला काय आयकायचं," म्हणायची. ह्या वेळी ती येते म्हणाली, आणि मिनीबसमधून चाळीस बायकांना घेऊन आली. सगळ्या धुवट लुगड्यांत, केसांत फुलं. प्रयोगासाठी घेतलेल्या मंगल कार्यालयाला तीन दारं होती. उत्तमने सकाळीच ती उघडून ठेवली होती.

साडेपाचला सुरू केलं. शेडेतले ठोके आले तशा बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या; त्यांना आपले हात ओळखू आले होते. गयाबाईही पुढे झुकली. मी इतकी वर्षं तबला वाजवतोय, पण त्या दिवशीसारखा माझा हात कधी चालला नाही. उन्हं उतरली. आलाप थांबला, माझा तबला थांबला, आणि ऋषभ एकटा राहिला. तो बारीक होऊ लागला.

गयाबाई उठली. काही बोलली नाही, कुणाकडे बघितलं नाही, डाव्या दाराकडे चालायला लागली. तिच्या मागे दुसरी, तिसरी, आणि बघता बघता चाळीस बायका तीन रांगांत, पावलांचा आवाज न करता बाहेर गेल्या. कुणी किंचाळलं नाही. कुणाच्या पिशव्या खुर्चीखाली राहिल्या, कुणाच्या चपला. उत्तमने डोळे उघडले, रिकाम्या खुर्च्या बघितल्या, आणि त्याला काय झालं ते कळलं. त्याने यंत्र बंद केलं. षड्ज आलाच नाही.

आणि पुण्याची माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली! त्यांना वाटलं, बायकांचं उठून जाणं हा रचनेचाच भाग आहे. "हे असंच्या असं पुण्यात हवं," त्यांच्यातल्या बाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना काय ठाऊक.

बायका बाहेर रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या होत्या, कार्यालयाकडे बघत, कधी उडतंय ह्याची वाट बघत. उत्तम अनवाणीच धावत गेला. "काय न्हाय, काय न्हाय! यंत्रातला आवाज हाय त्यो. खोटा हाय." तशा सगळ्या जणी हसत सुटल्या. कमल तर पोट धरून खाली बसली. "आगं बया, उत्तमभाऊनं पळिवलं की आपल्याला!" सगळ्या हसत होत्या, एकटी गयाबाई हसत नव्हती. तिने मुलाला बाजूला घेतलं. मी जवळच होतो.

"पैल्यांदा आयकलंस तवा उठलास का?"

"उठलो, माय."

"आन् मंग?"

"मंग... सवय झाली."

"तेच," गयाबाई म्हणाली. "त्या हासाय लागल्या, बगितलंस? उद्या शेडंत सुर्र झालं तर आदी इचार करत्याल, खरं का खोटं. तू त्यास्नी इचार करायला शिकिवलंस, उत्तम."

"मला ती वात राहिलीच नव्हती, सर," तो नंतर मला म्हणाला. "माझ्या कानाला तो ऋषभ झाला होता." त्याच रात्री त्याने पुण्याला नकार कळवला. मग एकेकाकडे जाऊन जिथे जिथे रचनेची प्रत होती तिथून ती पुसायला लावली. पुण्याच्या बाईंशी फोनवर तासभर भांडला आणि शेवटी रडला, तेव्हा त्यांनी पुसली. माझ्याकडे तालमीची एक पूर्ण प्रत होती, षड्जासकट. पुसली का म्हणून त्याने विचारलं आणि मी तोंडावर खोटं बोललो. पुसली म्हणालो, आणि पेनड्राइव्ह तबल्याच्या खोक्यात, हातोडीच्या खाली ठेवून दिला. आयुष्यात एकदाच आपल्या हातून असं काही वाजलेलं असतं. ते कसं पुसायचं?

दिवाळीचा हंगाम जवळ आला. शेडांत काम दुपटीने वाढलं आणि उत्तमची झोप उडाली. तो मला दिवसाआड फोन करायचा आणि तेच तेच बोलायचा. बायका अजून आधी उठतात का, हे तपासायचं कसं? तपासायला पुन्हा खोटा आवाज करावा लागणार, आणि जितक्या वेळा करू तितका कान आणखी बोथट होणार. "सर, ह्यातून बाहेर यायला दार नाही," तो म्हणाला. मी त्याला धीर दिला, की बायका कष्टाळू आहेत, शहाण्या आहेत, एका आवाजाने काय होतंय. मनातून मी पण घाबरलो होतो. शाळेत खडू मोडला तरी दचकायचो.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी ते झालं. सकाळी अकराला एका शेडेत ठिणगी पडली. कशाने, ते कुणाला नीट कळलं नाही. बारा बायका होत्या. अकरा जणी चालत बाहेर आल्या. बारावी कमल. ती उठली होती, पण उठल्यावर थांबली आणि तिने वर कोपऱ्यात बघितलं. किती वेळ, ते तीच सांगू शकली नाही. ती दारात असताना शेड गेली. पाठ आणि दोन्ही पोटऱ्या भाजल्या; जीव वाचला.

उत्तम आणि मी दवाखान्यात गेलो. कमल पालथी पडून होती आणि तरीही थट्टा करत होती. "म्या म्हनलं, उत्तमभाऊनं आज शेडंत बी गानं लावलं का काय! स्पीकर कुठं हाय म्हून बगत व्हते." तिला हसवेना, तरी ती हसत होती. उत्तमने तिच्या पायांपाशी डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. ती घाबरून मला म्हणाली, "सर, उठवा वो ह्यास्नी. मला कसंतरीच व्हतंय."

दुसऱ्या दिवशी गयाबाई कामावर गेली. सत्तरीची म्हातारी, हातात दांडकं धरवेना, पण ती कडुलिंबाजवळच्या शेडेत मधोमध बसायला गेली, कारण भूमला न हसलेले कान तेवढेच होते. "दोन वरसं लागत्याल ह्यांचे कान माघारी यायला. तवर म्या बसते." उत्तमने पाया पडून विनवलं. ती ऐकली नाही. मालकानेही अडवलं नाही.

तेव्हापासून उत्तम त्या शेडेपासून साठ फुटांवर, कडुलिंबाखाली बसतो, सुर्र ऐकू येतं का म्हणून कान लावून. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. मोबाइल नाही, यंत्र नाही, ओठांवर गुणगुणसुद्धा नाही. गावात त्याला काही लोक वेडा म्हणतात. पहिल्या उन्हाळ्यात त्याने सिंथेसायझर विकला आणि तानपुरे सोलापूरला गुरूंच्या घरी पोचवले. मी त्याच्याबद्दल गेलेल्या माणसाबद्दल लिहावं तसं लिहितोय, पण तो आहे. ज्या उत्तमबरोबर मी वाजवलं तो मात्र मला पुन्हा भेटला नाही.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो आणि मुलाकडे राहायला जायचं ठरलं. सामान आवरताना तो पेनड्राइव्ह हाती आला. बायको समोर असताना मी कानाला हेडफोन लावून पूर्ण ऐकलं, षड्ज येईपर्यंत, आणि तिच्यादेखत रडलो. मग एसटी पकडून त्याच्या गावी गेलो.

तो झाडाखाली बसला होता, पाठ शेडेकडे, म्हणजे डोळे मधे येणार नाहीत. केस पांढरे झाले होते. शेडेतून ठोके येत होते, तीन, दम, चार. मी शेजारी बसलो आणि सगळं कबूल केलं. खोटं बोललो, प्रत ठेवली, अजून आहे. मी त्याला म्हणालो की आपण हे लांब कुठंतरी वाजवू, जिथं फटाक्याची दारू कुणी बघितलेली नाही.

"लांब काय असतंय, सर," तो हळूच म्हणाला. "लांब वाजलं की फोनात येतं. फोनात आलं की बाजाराच्या दिवशी इथं कुणाच्या तरी खिशात वाजतं."

मी पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला. त्याने मूठ मिटली. मी खिशातला लहान प्लेअर आणि हेडफोन काढले; शेड लांब होती, हेडफोनमधून मुंगीलाही ऐकू गेलं नसतं. "एकदाच ऐक," मी म्हणालो. "कुणाला कळणार नाही. षड्ज कसा आलाय तेवढं तरी ऐक, मग मोडून टाक."

उत्तम हेडफोनकडे बघत राहिला. त्याचा हात अर्धा पुढे आलेला मी बघितला. मग त्याने तो मागे घेतला, जवळचा एक धोंडा ओढला, पेनड्राइव्ह त्याच्यावर ठेवला आणि दुसरा दगड हातात घेतला.

"नको, सर," तो म्हणाला. "मला आवडंल."